बंद खोलीतला आकडा

१

"भाऊ, खाली ये रे, गार होतंय!"

हा आवाज मामांच्या कानात कितीतरी वर्षं मुक्कामाला होता. बहिणीचं लग्न नुकतंच झालेलं आणि ते पहिल्यांदाच तिच्या सासरी गेलेले. लाल विटांचं, उंच कपाळाचं व्हिक्टोरियन घर. वरच्या मजल्यावरच्या दिवाणखान्यात ते दार लावून एकटेच बसले होते, आणि बहीण अगदी कानाशी बोलली. वळून पाहिलं तर कुणी नाही. दार उघडलं तर जिना रिकामा. दोन मजले उतरून तळघरातल्या स्वयंपाकघरात गेले, तेव्हा ती शेगडीपाशी उभी राहून हसत होती. लहानपणी कोडी घालायची त्याच लयीत म्हणाली,

"पायांवाचून जिना चढते,
दारावाचून घरात येते,
सांग भाऊ, ती माझी कोण?"

मामांना काही ते सुटलं नाही. तिनेही सोडवून दिलं नाही. आता विचारायला ती नव्हती, तिचा नवराही नव्हता. घर मात्र होतं, आणि दोन वर्षं दुरुस्त होऊन नव्या नवरीसारखं विक्रीला उभं होतं.

आज त्याच दिवाणखान्यात बहिणीची तीन मुलं तीन दिशांना तोंडं करून बसली होती. थोरला शेकोटीपाशी, मधली खिडकीत आणि धाकटा दाराजवळ, उठून जायला सोपं पडावं तसा.

"मामा," थोरला म्हणाला, "घरात चोर आहे."

"काय गेलं?"

"आकडा."

मामांची सारी नोकरी विमा कंपनीच्या पाहणीदारीत गेली होती. आग लागली की लावली, हे राखेवरून सांगायचं काम. आकडा चोरीला गेल्याची तक्रार मात्र त्यांच्याकडे कधी आली नव्हती.

"नीट सांग."

"घराला आम्ही साडेसहा कोटी सांगत होतो. तेवढे कोण देतंय? म्हणून गेल्या आठवड्यात आम्ही तिघं इथे दार लावून बसलो आणि ठरवलं, पाच कोटी त्र्याऐंशी लाखांच्या खाली उतरायचं नाही. कुठे लिहिलं नाही. एजंटलाही सांगितलं नाही. आणि काल गिऱ्हाइकाचा निरोप आला. दातांचे डॉक्टर आहेत, नवराबायको. किती देतायत? पाच कोटी त्र्याऐंशी. पंच्याऐंशी नाही, ऐंशी नाही. त्र्याऐंशी! आमचा तळच त्यांच्या हातात गेला. आता ते एक पायरी वर चढतील का?"

"म्हणजे तिघांपैकी एकाने फोडला."

"एकाने," थोरला म्हणाला, आणि दाराकडे पाहिलं.

"नाव घे की," धाकटा म्हणाला. "नुसतं बघून काय होतंय?"

"संध्याकाळी एजंट उत्तर मागायला येणार आहे. तोवर कळलं नाही तर मी सही करणार नाही. घर विकलं नाही तरी चालेल. आणि याच्याशी माझं बोलणं संपलं. कायमचं."

धाकट्याचा चेहरा उतरला. मधलीने खिडकीबाहेर बघत डोळ्यांच्या कडा पुसल्या.

मामांनी तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. पोरं आता पोरं राहिली नव्हती. एखाद्याचं बोलणं संपलं की ते खरंच संपेल, असं त्यांचं वय झालं होतं.

"घोटभर चहा मिळाला असता तर डोकं चाललं असतं," ते पुटपुटले.

थोड्याच वेळात बाहेर जिन्याची एक पायरी कुरकुरली, दार ढकललं गेलं, आणि थोरल्याची बायको चहाचा ट्रे घेऊन आत आली.

२

जिन्याच्या कठड्याला एक बाई पॉलिश लावत होती. घर दुरुस्त केलं ते हिने. सिमेंटच्या नावानेच नाक मुरडायची आणि जिथे तिथे चुनाच वापरायची, म्हणून सगळे तिला चुनेवाली म्हणत.

"या खोलीतलं बाहेर ऐकू येतं का?" मामांनी विचारलं.

"माझ्या कामाला नावं ठेवायला आलात काय?" ती हात न थांबवता म्हणाली. "खिडक्यांना दुहेरी काच आहे. रस्त्यावर बँड वाजला तरी आत पत्ता लागत नाही. दार जुनं, जाडजूड, खाली फट नाही. लावून बघा कान."

मामांनी लावला. चुनेवाली आत जाऊन काहीतरी बोलली. मधमाश्या गुणगुणाव्यात तेवढंच कळलं.

"काय म्हणालात?"

"म्हटलं, म्हातारा चिवट आहे." ती हसली. "आणि इथवर चोरपावलांनी यायचं म्हणाल, तर तेही जमणार नाही. वरून तिसरी पायरी बोलते. सगळं घर दुरुस्त केलं, तेवढी पायरी तुमच्या सूनबाईंनी करू दिली नाही. सासूबाई आजारी असताना कोण वर येतंय ते त्यांना पडल्या पडल्या कळायचं म्हणे. राहू दे तशीच, म्हणाल्या."

"सूनबाई फार लक्ष घालायची वाटतं?"

"लक्ष? अहो, मालक कोण विचाराल तर माझ्या लेखी त्याच. बाकीचे महिन्यातून एकदा यायचे आणि खर्चाचं ऐकून घाम पुसत जायचे."

चुनेवालीपाठोपाठ दिवाणखान्यात शिरताना मामा शेकोटीपाशी थबकले. शेजारच्या भिंतीत, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, वाटीएवढं पितळी झाकण बिजागरीवर लोंबत होतं. झाकणामागे अंधार.

"हे काय?"

"भिंतीवरच्या कागदाचे थर काढले, तेव्हा निघालं. कुणीतरी मुद्दाम बुजवलं होतं. सापडेल ते घासून जागेवर ठेवायचं, आमच्या धंद्याचा धर्मच आहे. धुराड्याची हवा असेल नाहीतर काय. छान दिसतं, नाही?"

मामांनी मान हलवली. दिसत होतं खरं छान.

३

मधलीची जबानी अश्रूंनी सुरू झाली आणि वैतागाने संपली.

"मामा, मला परदेशी जायचंय, पण म्हणून मी घर मातीमोल करीन का? दादाला वाटतं धाकट्याने सांगितलं. त्याला एजंटबरोबर कॉफी पिताना दादाने पाहिलं होतं. झालं, तेवढं पुरलं."

"तू कुणाला बोललीस? नवऱ्याला?"

"नवऱ्याला सांगितलं असतं तर आत्तापर्यंत पेपरात आलं असतं."

"त्या दिवशी दाराबाहेर कुणी होतं?"

"नाही. पायरी वाजते ना. वाजली ती एकदाच, वहिनी चहा घेऊन आली तेव्हा. तोवर आमचं सगळं बोलून झालं होतं."

धाकटा बागेत भेटला. तो एका पायाने वाळकी पानं गोळा करत होता आणि दुसऱ्या पायाने पांगवत होता.

"कॉफी प्यालो," तो म्हणाला. "एजंट म्हणाला, तुझ्या भावाला जरा जमिनीवर आण. मी म्हटलं, ते आमच्या वडिलांनाही जमलं नाही. एवढंच. आता दादा म्हणेल, मी कपातल्या साखरेतून आकडा कळवला."

"तुला वाईट वाटत नाही?"

"वाटतं की. लहानपणी फुटलेली प्रत्येक काच माझ्याच खात्यावर असायची. निम्म्या त्याने फोडलेल्या. तेव्हा दोन दिवसांत विसरायचा. आता नाही विसरणार तो." त्याने पानं एकदम लाथाडली. "आणि मामा, फुटला तो तोंडचा आकडा. त्यासाठी एवढं..."

तो मध्येच थांबला. कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"तोंडचा?" मामा हळूच म्हणाले. "मग दुसरा कुठला असतो?"

धाकट्याचा हात खिशात गेला आणि खिशातला रुमाल चुरगळायला लागला.

मामांना एकदम आपले मेहुणे आठवले. मोत्यांचे व्यापारी. त्यांच्या बाजारात दहा जणांसमोर भाव ठरायचा आणि दहांतल्या आठांना कळायचा नाही. तोंडाने एक आकडा बोलायचा, मोठा, सगळ्यांना ऐकू जाईल असा. आणि रुमालाखाली समोरच्याचा हात धरून, बोटं दाबून खरा भाव सांगायचा. मेहुण्यांनी मुलांना हा खेळ म्हणून शिकवला होता. खाऊची वाटणीसुद्धा रुमालाखाली व्हायची. नियम एकच होता. हातचा आकडा तोंडावर आणायचा नाही. मरेपर्यंत.

"बोलू नकोस," मामा म्हणाले, आणि त्यांनी स्वतःचा रुमाल पसरला. "हात दे."

धाकट्याने आधी पाहिलं, मग हात दिला. रुमालाखाली मामांच्या तळव्यावर बोटं दाबली गेली. पाच. मग सहा. मग पाच.

मामांनी वर जाऊन मधलीसमोर रुमाल धरला. पाच, सहा, पाच.

थोरल्याने जरा कुरकुर केली, पण वडिलांची शिकवण बोटांत मुरलेली होती. पाच, सहा, पाच.

पाच कोटी पासष्ट लाख. घराचा खरा तळ हा होता. आणि गिऱ्हाइकाने सांगितले होते त्र्याऐंशी.

मामांनी रुमालाची घडी घातली. तिघंही निर्दोष होती. आणि हे तिघांपैकी कुणालाच कळलं नव्हतं.

४

स्वयंपाकघर तळघरात होतं, पण उजेडाचं. रस्त्याच्या पातळीवरच्या खिडक्यांतून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे नुसते पाय दिसत. थोरल्याची बायको कपबशा विसळत होती.

"सूनबाई, त्या दिवशी तू इथेच होतीस?"

"इथेच, मामा. आणि कुठे असणार?"

"आकड्याबद्दल काही कानावर आलं?"

"मला बाई आकड्यांतलं काय कळतंय!" ती घाईने म्हणाली. "तो तिघांचा मामला."

"तुला नाही विचारलं कुणी?"

"मला विचारायला मी कुठे..." तिने वाक्य तिथेच ठेवलं आणि बशी दुसऱ्यांदा विसळली.

मामा खुर्चीवर टेकले. पायाखालच्या फरशीकडे बघत म्हणाले, "ही फरशी सुरेख आहे. जुनीच का?"

तिचा चेहरा उजळला. "अर्धी जुनी, अर्धी नवी. ओळखा बघू कुठली नवी! नाहीच ओळखता येणार. जुन्या घरांचं सामान विकणाऱ्यांकडे मी किती हेलपाटे घातले. जिन्यावरच्या रंगीत काचेचा एक तुकडा फुटला होता, निळा. तो निळा कुठे मिळेना. शेवटी एका जुन्या दवाखान्याच्या दारात मिळाला. आणि वरच्या शेकोटीची..." ती थांबली. "जाऊ द्या. विकायचंच आहे ना आता."

मामांची नजर फिरत होती. हात पुसायचा टॉवेल दांडीवर होता, ओला, हळदीच्या बोटांचा. पण शेगडीशेजारच्या भिंतीवर, कानाच्या उंचीला, दुसरा एक टॉवेल टांगलेला होता. कोरा, इस्त्रीची घडी न मोडलेला. त्याला कुणी हात पुसलेले दिसत नव्हते.

"चहा छान झाला होता हं," मामा उठत म्हणाले. "आणि अगदी वेळेवर."

तिच्या हातातली बशी निसटली, पण फुटली नाही.

बाहेर फाटकापाशी एजंट वेळेच्या आधीच येऊन उभा होता. कमरेला किल्ल्यांचा एवढा जुडगा, की तो चालला की बैलगाडी आल्यासारखं वाटायचं.

"साहेब, दोन वर्षांपूर्वी हे घर साडेतीन कोटींनाही कुणी बघत नव्हतं," तो म्हणाला. "दारातली घंटा, जिना, काचा, शेकोटी. लोक घर बघून गप्प होतात, आणि गिऱ्हाईक गप्प झालं की भाव चढतो."

"तुम्हाला आकडा कुणी सांगितला?"

"धंद्यात तोंड बंद ठेवायचेच तर पैसे मिळतात."

"नाव नको. तुम्हाला सांगितलं काय? एवढ्यावर पटवा, असं?"

एजंटने किल्ल्या चाळवल्या. "उलट. याच्या खाली बोलायला यायचंच नाही, असं. ते डॉक्टर पाच सत्तर म्हणत होते. मीच त्यांना वर चढवलं."

"आणि बदल्यात काय मागणं होतं?"

"काही नाही हो, तेच तर नवल. एकच अट. जिन्याला आणि काचांना हात लावणार नाहीत अशी माणसं आण. हॉटेलवाला नको."

मामा फाटकाला टेकले. वरच्या खिडकीत थोरला येरझाऱ्या घालताना दिसत होता. तो काहीतरी ओरडत असावा, तोंड उघडझाप करत होतं. खाली चकार शब्द येत नव्हता.

दारातून नाही. खिडकीतून नाही. जिन्यावरून नाही.

*पायांवाचून जिना चढते, दारावाचून घरात येते.*

"अगं बाई," मामा आपल्याशीच म्हणाले, बहिणीला म्हणावं तसं. "हाक होय!"

५

तिघं पुन्हा आपापल्या खुर्च्यांत बसली. एजंट खाली दारात थांबला.

"थोरल्या," मामा म्हणाले, "तू कसला व्यापाऱ्याचा मुलगा रे? कुणी आकडा विकायचा म्हटलं तर कुठला विकेल? तोंडचा की हातचा?"

थोरला दचकला. "हातचा... तो कुणी बोलत नाही."

"चोरी करणारा हा नियम पाळेल? धाकट्याला दगा द्यायचाच असता तर त्याने पासष्ट सांगितले असते. मधलीनेही तेच केलं असतं. त्र्याऐंशी घेऊन गिऱ्हाईक काय करणार? ते तर पाच सत्तर म्हणत होते. एजंटने मला आत्ताच सांगितलं. ज्याने आकडा फोडला त्याला रुमालाखालचं माहीतच नव्हतं. त्याने तुमची बोटं पाहिली नाहीत. त्याला फक्त ऐकू आलं."

मधलीने हिशेब आधी केला. "म्हणजे आपल्याला... आपण धरले होते त्याहून जास्तच मिळतायत?"

"अठरा लाख. चोराच्या कृपेने."

"पण हे मला..." थोरला अडखळला.

"सुचलं नाही. सुचणार नव्हतंच. तुला आकडा फुटल्याचं दुःख कमी होतं, तो धाकट्याने फोडला असावा ही हौस जास्त. फुटलेल्या काचा मोजायची जुनी सवय."

धाकटा जमिनीकडे बघत राहिला.

"मग ऐकलं कुणी?" मधली म्हणाली. "बाहेर तर कुणीच नव्हतं."

"तुम्ही चहा कधी मागवता?"

"मागवतो कुठे?" धाकटा पहिल्यांदाच हसला. "वहिनीचं तेवढं एक आहे. आम्ही इथे चहा म्हणायचा अवकाश, की पायरी कुर..."

हसू त्याच्या ओठांवरच थिजलं.

मामा उठले. शेकोटीशेजारच्या त्या पितळी झाकणापाशी गेले. "तुमचे आजोबा या खोलीत बसून खाली हुकूम सोडत असणार. भिंतीतून नळी गेली आहे, थेट शेगडीपर्यंत, तिथल्या त्या कोऱ्या टॉवेलामागे. तुमच्या आईने मला यातूनच हाक मारली होती, तुम्ही जन्मायच्या आधी. पुढे तुमच्या वडिलांनी वरून कागद चिकटवला असणार. व्यापाऱ्याच्या घरात बोलणारी भिंत कोण ठेवील? तुम्हाला माहीत असायचं कारणच नाही. चुनेवालीने कागद काढला, नळी घासली आणि तिला वाटलं शोभेची आहे. जिचा हात या घराच्या प्रत्येक विटेवरून फिरला, तिला तेवढी कळली."

त्यांनी ओठ पितळेजवळ नेले आणि अगदी सावकाश, आजाऱ्याशी बोलावं तसं बोलले,

"सूनबाई, वर ये. चहा नको."

कुणी हललं नाही. बराच वेळ काहीच झालं नाही, इतका की थोरला सुटकेचा निःश्वास टाकणार होता.

मग पायरी कुरकुरली.

ती दारात उभी राहिली. तिचे हात रिकामे होते, आणि ते कुठे ठेवावेत हे तिला कळत नव्हतं.

"तू?" थोरला म्हणाला. "तू आमचा आकडा विकलास?"

"विकला नाही. सांगितला. त्याच्या खाली जाऊ नये म्हणून. आणि जिना मोडणाऱ्याला जाऊ नये म्हणून." ती धाकट्याकडे वळली. "भावोजी, तुमच्यावर येईल असं वाटलं नव्हतं हो. सकाळपासून सांगीन सांगीन म्हणतेय, जिना चढवत नव्हता."

"असू दे, वहिनी," धाकटा म्हणाला.

"असू दे काय?" थोरल्याचा आवाज चढला, पण त्यात आता जोर नव्हता. "नवरा-भावंडांचं बोलणं भिंतीला कान लावून ऐकायचं? काय गरज होती तुला आकडा ऐकायची? मला विचारायचंस!"

ती शेकोटीपाशी आली. लोंबतं झाकण तिने बोटाने वर उचललं, नळीच्या तोंडावर बसवलं, आणि बराच वेळ तिचा हात त्यावरच राहिला.

"आकडा ऐकायला नव्हते मी थांबले," ती म्हणाली. "तो आपला मध्ये आला. दोन वर्षं मी या घराची धूळ खाल्ली. तुम्ही तिघं दार लावून बसलात. मला वाटलं, एवढं बोलतायत, तर कुणीतरी एकदा म्हणेल, तिलाही वर बोलवा, तिला विचारा. ते ऐकायला उभी होते मी, शेगडी बंद करून. सगळं ऐकू आलं. माझं नाव नाही आलं." तिने थोरल्याकडे पाहिलं. "चहाचं आलं."